तोंडात चुका

“तुम्ही ‘हं’ म्हणालात?”

वहिनींनी हे तिसऱ्यांदा विचारलं. रविवार असूनही दादा खाली दुकानात बसून कुणाच्या तरी आरामखुर्चीला पट्टे मारत होते. घरात कटकट होणार असं दिसलं की त्यांना हटकून काम आठवायचं. त्यांनी हातोडी खाली ठेवली, तोंडातल्या चुका एकेक करून तळहातावर काढल्या आणि वहिनींकडे बघत म्हणाले, “म्हणालो असेन. पण मी ‘हं?’ असं म्हणालो. प्रश्नचिन्हासकट.”

“भाऊजींना प्रश्नचिन्ह ऐकू गेलं नाही. त्यांनी संध्याकाळी पाच वाजता त्या मसाजच्या खुर्चीवाल्याला बोलावलंय. दुकानाची कागदपत्रं काढून ठेवा म्हणून धाकटीकडे निरोप दिलाय. कळतंय का तुम्हाला? दुकान गहाण पडणार आहे, अहो, दुकान!”

दादांचा चेहरा पडला. तळहातावरच्या चुका त्यांनी पुन्हा तोंडात टाकल्या आणि वहिनींनी कपाळावर हात मारला.

सोफे-खुर्च्यांचं काम करणाऱ्या माणसाचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्यानं हातोडी चालवायची. मग चुका ठेवायच्या कुठे? तोंडात. बारक्या, चपट्या डोक्याच्या, निळसर चुका मूठभर तोंडात भरायच्या आणि जिभेनं एकेक ओठांवर आणून हातोडीच्या चुंबकाला लावायची. दादांचे वडील असंच करायचे आणि त्यांचं बघून दादाही तसंच करायला शिकले. आता तोंडात इतका ऐवज भरलेल्या माणसाला बोलता काय येणार? एक शब्द येतो. हं.

वहिनींना लग्नानंतर वर्षभरात सगळे ‘हं’ पाठ झाले होते. लांबट आला तर ‘ऐकतोय’, तुटक आला तर ‘नंतर बोल’, शेवटाला वर चढला तर ‘काय म्हणालीस?’ आणि नाकातून आला तर साफ नकार. बाकीच्या जगाला मात्र एकच ‘हं’ ऐकू यायचा, होकाराचा. आणि जग काही मूर्ख नव्हतं. ज्याला दादांकडून काही हवं असेल तो बरोबर हातोडीचा आवाज चालू असतानाच यायचा.

“वर चला,” वहिनी म्हणाल्या. “सगळे जमलेत. आणि त्या चुका इथेच ठेवा.”

वरच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की या घराण्याचा सगळा आर्थिक इतिहास बसायला मिळायचा. भिंतीला लागून चार लाल खुर्च्यांची सलग रांग होती, उठलं की बैठक फटकन वर जाणारी. ही सासऱ्यांची चूक. एका थिएटरच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी उधारीवर बनवून दिल्या होत्या, पहिला खेळ लागला की पैसे, या बोलीवर. थिएटरच उघडेना, तेव्हा आधीचे पैसे वाचावेत म्हणून त्यांनी मालकाबरोबर थिएटरच्या उपाहारगृहात भागीदारी केली. खेळ नाही, प्रेक्षक नाहीत आणि उपाहारगृह मात्र तयार! शेवटी मालक परागंदा झाला आणि हाताला लागली ती ही रांग. सासूबाई कायम डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर बसायच्या, आणि त्या उठल्या की आवाजानं नवखा माणूस दचकायचा.

समोर, खिडकीखाली, एक निळा सोफा सुरकुतून पडलेला होता. ती दादांच्या धाकट्या भावाची चूक. हवा भरून फुगवायच्या सोफ्यांची एजन्सी त्यानं घेतली होती. ज्या घराचं पोट काथ्या, फोम आणि स्प्रिंगांवर भरतं, त्या घरानं हवेचे सोफे विकायचे, म्हणजे आपणच आपल्या पोटावर पाय देणं. ते सोफे बसल्याबसल्या हवा सोडायचे. पाहुणे गप्पा मारता मारता जमिनीला टेकायचे. गिऱ्हाइकं तक्रारी घेऊन आली तेव्हा धाकट्यानं एजन्सी सोडली का? छे! त्यानं पंक्चर काढायच्या सामानाची खोकी मागवली, सोफ्यांत अडकलेले पैसे सोडवायला. त्याही वेळी दुकान गहाण पडलं होतं आणि त्याही वेळी दादा ‘हं’ म्हणाले होते. ते कर्ज फेडता फेडता वहिनींची उमेदीची वर्षं गेली. दुकानाच्या मागच्या खोलीत पायाच्या मशीनवर जाड कापडाची कव्हरं शिवून शिवून त्यांचे गुडघे बोलायला लागले. शेवटचा हप्ता गेल्याच महिन्यात फिटला होता. त्या दिवशी वहिनींनी दुकानाची कागदपत्रं उशाशी घेऊन दुपारची झोप काढली होती, आणि तशी झोप त्यांना लग्नानंतर लागली नव्हती.

म्हणून आज त्या इरेला पेटल्या होत्या. काहीही होवो, कागदपत्रं घराबाहेर जाणार नाहीत.

“मी काय म्हणते,” सासूबाईंनी सुरुवात केली, “तो बिचारा हातपाय हलवतोय. दरवेळी त्याच्या अंगावर धावून जायचं कशाला?”

“आई, हातपाय हलवायला माझी ना नाही,” वहिनी म्हणाल्या. “दुकान हलवू नका म्हणते.”

“मसाजच्या खुर्च्यांची एजन्सी आहे वहिनी!” धाकटा म्हणाला. तो उभाच होता. खोलीत बसायच्या इतक्या सोयी असूनही त्याला त्या दिवशी कुठे बसवत नव्हतं. “बटण दाबलं की पाठ, मान, कंबर, सगळं रगडून निघतं. दुकानं आहेत, ऑफिसं आहेत, म्हातारी माणसं आहेत, गिऱ्हाइकाला काय तोटा?” बोलणं जोरात होतं, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. वहिनींना ते जाणवलं, पण तेव्हा त्या रागात होत्या.

“वन्सं, तुम्ही सांगा,” त्या नणंदेकडे वळल्या. “तुम्ही बँकेत आहात.”

दादांच्या पाठची बहीण बँकेत खिडकीवर बसायची आणि घरात सगळे तिला बँकवालीच म्हणायचे. गिऱ्हाइकांना ती दिवसभर डोळे वटारून सांगायची, नीट वाचा, मग सही करा. स्वतः मात्र तिनं एका क्लबाचं सभासदत्व घेतलं होतं, पोहायचा तलाव होणार म्हणून. खड्डा खणला गेला, पाणी काही आलं नाही. तरी बाई दरसाल वर्गणी भरत होती. का, तर बंद केली तर आधीची वाया जाईल. सुट्टीच्या दिवशी ती डबा घेऊन त्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसायची, वर्गणी वसूल करायला.

“हे बघ,” बँकवाली चष्मा सारखा करत म्हणाली, “गहाण-बिहाण अजिबात ठेवायचं नाही. स्पष्ट नाही म्हणायचं. प्रश्न एवढाच, की म्हणणार कोण? दुकान दादाच्या नावावर आहे. म्हणजे दादानं म्हणायला हवं.”

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा खुर्च्यांच्या रांगेतली एक बैठक दाबून तिची स्प्रिंग तपासत होते.

“मी म्हणेन की,” ते म्हणाले.

“म्हणून दाखवा,” वहिनी म्हणाल्या.

“आत्ता?”

“आत्ता. तुमच्या तोंडून तो शब्द मी अजून ऐकलेला नाही.”

मग बँकवाली खुर्चीवाला झाली. पदर खोचून, हातात पर्स धरून ती दारातून आत आली, दादांसमोर बसली आणि असं काही बोलायला लागली की विचारू नका. बँकेत रोज नवनव्या योजना गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारून तिची जीभ तयार झालेली होती. “साहेब, आपण दिवसभर वाकून काम करता. आपल्या पाठीचा विचार कोण करतं? ही खुर्ची करते. आणि अशी खुर्ची घरोघरी पोचवणारा माणूस म्हणजे नुसता दुकानदार नव्हे साहेब. लोक आपलं नाव काढतील!”

“अगं बाई,” सासूबाई पुढे सरकल्या. “मग एक घ्यायला काय हरकत आहे?”

“आई!”

“नाही, माझी कंबर धरते म्हणून म्हटलं.”

“दादा, उत्तर दे,” बँकवाली म्हणाली. “दुकान गहाण ठेवताय ना?”

दादांनी घसा खाकरला. “नाही म्हणजे...”

“म्हणजे-बिणजे नको. पुन्हा.”

“तसं नाही हो, पण...”

“तसं नाही म्हणजे हो झालं. पुन्हा!”

“नाही असं नाही...”

“अरे देवा,” वहिनी म्हणाल्या. “अहो, ‘नाही असं नाही’ म्हणजे आहे! नुसतं ‘नाही’ म्हणा. दोन अक्षरं. कुणी तुम्हाला व्याख्यान द्यायला सांगितलंय?”

दादांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “बघू.”

धाकट्याची बायको, धाकटी, इतका वेळ दारापाशी उभी होती, ती फिसकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावून आत पळाली. सासूबाईंनी निकाल दिला की बघू हे तसं वाईट नाही, तुमचे सासरेही बघूच म्हणायचे. त्यांच्या बघूवरच आपण बसलोय, असं वहिनींच्या जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं आणि चहा टाकायला उठल्या.

स्वयंपाकघरात धाकटी ओट्याशी उभी होती आणि ती आता हसत नव्हती.

“वहिनी, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“आधी सांग. रागवायचं का ते मग ठरवते.”

“कुणीतरी नाही म्हणा हो त्या माणसाला. पाया पडते तुमच्या. तीन दिवस झाले, हे धड जेवलेले नाहीत.”

वहिनींच्या हातातली साखरेची बरणी तशीच राहिली. “म्हणजे? भाऊजींना एजन्सी नकोय?”

“कुठली हवीय! तो माणूस यांना एका चहावाल्याकडे भेटला. गळ्यातच पडला. यांच्या तोंडून ‘नाही’ निघेना, म्हणून सुटका करून घ्यायला म्हणाले, घरी दादाला विचारतो, दुकान त्याच्या नावावर आहे. यांना वाटलं, एवढं पोळल्यावर दादा काही हो म्हणायचे नाहीत. घरी येऊन विचारलं, आणि दादा...”

“हं म्हणाले.”

“हं म्हणाले!” धाकटीचे डोळे भरून आले. “आता यांना वाटतंय, दादानं एवढ्या विश्वासानं होकार दिलाय, तर आपण माघार कशी घ्यायची? माझ्यापाशी म्हणाले, सगळ्या घरात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच आहे.”

वहिनींना हसावं की भांडं आपटावं तेच कळेना. म्हणजे इकडे दादा धाकट्याचं मन मोडू नये म्हणून गप्प, तिकडे धाकटा दादांचा मान राखायचा म्हणून पुढे, आणि दोघांच्या या प्रेमात दुकान चाललंय लिलावात! त्या तरातरा बाहेर निघाल्या, दोन्ही भावांना एकमेकांसमोर उभं करायला. तेवढ्यात खालची घंटा वाजली. खुर्चीवाला वेळेच्या बराच आधी आला होता.

माणूस काही बदमाश दिसत नव्हता. चाळिशीचा असेल. शर्टाला कडक इस्त्री होती, हातात रंगीत चित्रांचा गठ्ठा होता. हसणं सारखं चेहऱ्यावर होतं, पण डोळ्यांखाली काळं होतं. त्यानं सासूबाईंना वाकून नमस्कार केला, त्यांच्या कंबरेची चौकशी केली (हे त्याला कसं कळलं कोण जाणे) आणि सासूबाई तिथल्या तिथे फितूर झाल्या. बसायला म्हणून तो निळ्या सोफ्याकडे वळला, तेव्हा चार जण एकदम ओरडले, “तिथे नको!” मग तो थिएटरच्या रांगेत बसला.

“तर दादासाहेब,” तो म्हणाला, “आपला होकार कळला. आनंद झाला. कागदपत्रं तेवढी पाहिली असती.”

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी डोळ्यांनी सांगितलं, म्हणा. दादांनी तोंड उघडलं. तोंडात एकही चूक नव्हती. जीभ मोकळी, ओठ मोकळे, सगळा रस्ता साफ. आणि त्या मोकळ्या रस्त्यावरून शब्द आला, “चहा घेणार ना?”

“घेतो की.”

वहिनींनी बँकवालीकडे पाहिलं. बँकवालीनं पुढे होऊन करड्या आवाजात सुरुवात केली, “हे पाहा, यात व्याजाचा दर काय आहे, मुदत काय आहे, याची संपूर्ण माहिती...” आणि त्यानं संपूर्ण माहितीचं पत्रक तिच्या हातात ठेवलं. बँकवाली ते वाचायला लागली. वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही हा तिचा बाणा होता, त्यामुळे ती कामातून गेली.

उरला धाकटा. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हाला खरंच हवीय का ही एजन्सी? खरं सांगा. धाकटीनं मला सगळं सांगितलंय.”

धाकट्यानं बायकोकडे पाहिलं, मग दादांकडे. त्याचं तोंड अगदी एवढंसं झालं. “दादा, तू हं म्हणालास ना?”

“अरे, मी ‘काय’ म्हणून विचारलं होतं!”

“म्हणजे तू हो म्हणाला नव्हतास?”

“मला वाटलं, तुझं ठरलंय!”

“मला वाटलं, तुझं ठरलंय!”

दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांच्याही खांद्यावरचं ओझं एकदमच उतरल्यासारखं झालं. धाकट्याला तर हसू आवरेना. “मग झालं तर! वहिनी, सुटलो की आपण!”

“एक मिनिट,” खुर्चीवाला म्हणाला. अजून तो हसतच होता. “आणि बयाण्याचं काय?”

धाकट्याचं हसू बंद झालं.

“कसला बयाणा?” वहिनींनी विचारलं.

धाकट्याची नजर जमिनीवर. ज्या घरात सगळे एकाच वेळी गप्प होतात तिथे काय झालेलं असतं, ते त्यांना पुरतं माहीत होतं.

“वहिनी, त्याला काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय तो हलेना. मी दादाला विचारलं...”

“काय विचारलं?”

“विचारलं की, दादा, वहिनींच्या मशीनचे पैसे कपाटातच आहेत ना? दादा हं म्हणाला.”

दादा ताडकन उठले. पाठीमागे बैठक फटकन वर गेली. “अरे, होते ना कपाटात! तू विचारलंस, आहेत का, मी म्हटलं, आहेत. घे असं कुठे म्हटलं?”

“मी विचारलंच त्या अर्थानं होतं, दादा.”

वहिनी खाली बसल्या. कुठे बसतोय हे न बघताच बसल्या, त्यामुळे निळ्या सोफ्यातून उरलीसुरली हवा सुस्कारा टाकून निघून गेली आणि त्या जवळजवळ जमिनीवर आल्या. कुणाला हसायची हिंमत झाली नाही.

मोटरची मशीन. जाड कापड लोण्यासारखं शिवणारी, पाय न चालवता. कर्ज फिटत असतानाच त्यांनी कव्हरांच्या शिलाईतले थोडेथोडे बाजूला टाकले होते. दुकानात जाऊन मशीन बघूनही आल्या होत्या. दुकानदारानं चालवून दाखवली तेव्हा त्यांनी पाय जमिनीवर नुसते टेकवून ठेवले होते आणि ते किती बरं वाटलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“परत द्या ते,” त्या खुर्चीवाल्याला म्हणाल्या.

“ताई, मी दिले असते. पण ते कंपनीकडे भरलेत. एजन्सी नाही घेतली तर बयाणा जप्त, असा नियमच आहे.” मग तो पुढे झुकला आणि त्याचा आवाज मऊ झाला. “पण कशाला जाऊ द्यायचे? आज सही झाली तर ते पैसे एजन्सीत धरले जातात. एक रुपया वाया जात नाही. पहिल्या चार खुर्च्या विकल्या की तुमची मशीन. दुकान काय, नावाला गहाण.”

खोली पुन्हा सावरून बसली. सासूबाई म्हणाल्या, “तो म्हणतो त्यात तथ्य आहे. पैसे सुटतील तरी.” बँकवालीनं पत्रकातून डोकं वर काढलं आणि अपराधी आवाजात म्हणाली, “तसं बघितलं तर वहिनी, चार खुर्च्या म्हणजे काही फार नाहीत.” धाकटा कळवळून म्हणाला, “वहिनी, मी रात्रंदिवस एक करीन. तुमचे पैसे बुडू देणार नाही.” आणि दादा, इतका वेळ ज्यांच्या तोंडून ती दोन अक्षरं निघत नव्हती ते दादा म्हणाले, “तू म्हणशील तसं. तुझे पैसे आहेत.”

आता सगळ्यांच्या नजरा वहिनींवर होत्या. आणि त्या क्षणी त्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न जन्मात कुणी त्यांना विचारलाच नव्हता. इतकी वर्षं त्या बाजूला उभं राहून म्हणत होत्या, अहो, नाही म्हणा, काय अवघड आहे त्यात, दोन अक्षरं! आज ती दोन अक्षरं त्यांच्या स्वतःच्याच तोंडून निघेनात. मशीन डोळ्यांसमोर दिसत होती. नुसती एक सही, आणि ती परत मिळणार होती. त्यांना चक्क वाटायला लागलं की चार खुर्च्या काय, सहज खपतील. शेजारचा दंतवैद्य एक घेईल. एक वन्संच्या बँकेत...

आणि मग त्यांना स्वतःचीच भीती वाटली. म्हणजे बुडताना माणसाला असं वाटतं होय? सासऱ्यांना उपाहारगृहाच्या वेळी असंच वाटलं असणार. भाऊजींना पंक्चरच्या खोक्यांच्या वेळी. वन्संना दरवर्षी त्या कोरड्या खड्ड्यापाशी. आपण मात्र त्या सगळ्यांना मनातल्या मनात खुळे समजत आलो.

“बुडू दे,” वहिनी म्हणाल्या.

“काय?” खुर्चीवाला म्हणाला.

“बुडू देत माझे पैसे. सही होणार नाही. एजन्सी नको, खुर्ची नको, कागदपत्रं मिळणार नाहीत. नाही म्हणजे नाही.”

आवाज जमिनीजवळून येत होता, पण शब्द पुरते कळले. आणि गंमत म्हणजे वहिनींनी एकदा म्हटल्यावर सगळ्या खोलीला वाचा फुटली. “नाही,” बँकवाली म्हणाली आणि पत्रक मिटून परत दिलं. “नाही बाबा,” धाकटा म्हणाला. धाकटी दारातून म्हणाली, “मुळीच नाही.” सासूबाईंनी जरा वेळ घेतला, कंबरेवर हात ठेवला, सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, “नाही तर नाही.” फक्त दादा काही बोलले नाहीत.

खुर्चीवाल्याचं हसू पहिल्यांदाच उतरलं. हसू गेल्यावर तो फारच थकलेला दिसायला लागला. चित्रांचा गठ्ठा गोळा करता करता तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, “बरोबर केलंत, ताई. माझ्या घरात चालायला वाट नाही हो. सगळीकडे याच खुर्च्या. पहिल्या दोन खपेनात म्हणून आणखी घेतल्या, त्या काढायच्या म्हणून हे फिरतीचं काम घेतलं.”

दादा लगेच कळवळले. “अरेरे! मग असं करा ना, दोन-चार आमच्या दुकानात...”

“अहो!” वहिनी ओरडल्या. दादांनी तोंड मिटलं.

तो गेल्यावर धाकटा वहिनींसमोर येऊन उभा राहिला, काहीतरी म्हणायला गेला, त्याला ते जमेना, तेव्हा त्यानं हात देऊन त्यांना त्या सोफ्यातून बाहेर ओढलं. वहिनी काही न बोलता खाली गेल्या. उद्याची कव्हरं पडली होती. मागच्या खोलीत त्या जुन्या मशीनवर बसल्या, पाय ठेवले, दोन-तीन टाके घातले आणि रडू लागल्या. चांगल्या मोठ्यानं रडल्या. आपण शहाणपणा केला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना काडीचाही आनंद झालेला नव्हता. मशीन गेली होती. गुडघे दुखत होते.

दादा दारात आले. चौकट धरून उभे राहिले.

“काय?” वहिनींनी नाक पुसत विचारलं. “आता काय विचारायचंय?”

“विचारायचं नाही. सांगायचंय.” त्यांनी दोनदा घसा साफ केला. “चुकलं माझं.”

वहिनींनी मान वर केली.

“तोंडात काही असो-नसो, मला बोलायचंच नसतं,” दादा म्हणाले. “बोललं की कुणीतरी नाराज होतं. म्हणून मी हं म्हणतो, आणि मग नाराज तू होतेस. आजवर माझ्या सगळ्या ‘हं’ची किंमत तू मोजलीस. चुकलं माझं.”

वहिनींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं सलग एवढी वाक्यं बोललेली त्यांना आठवत नव्हती.

“पुन्हा म्हणा.”

“चुकलं.”

“मोठ्यानं. मशीनच्या आवाजानं मला हल्ली कमी ऐकू येतं.”

“चुकलं माझं!” दादा ओरडले.

“ऐकलं रे!” वरून सासूबाईंचा आवाज आला. “सगळ्यांनी ऐकलं! आता वर या, चहा गार होतोय.”

वहिनींना हसू आलं, रडूही थांबेना, आणि या दोन्हींच्या मध्येच त्यांनी हातातलं कव्हर दादांच्या अंगावर फेकलं. दादांनी ते झेललं. मग ते आत आले, वहिनींना हाताला धरून उठवलं, स्वतः मशीनवर बसले आणि पाय मारू लागले. शिवण इतकी वाकडी जात होती की उद्या सगळी उसवावी लागणार, हे वहिनींना दिसत होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बाजूच्या स्टुलावर बसून त्यांनी पाय लांब केले.

“दुखतं का फार?” दादांनी मान वर न करता विचारलं.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “फार दुखतं.”